व्हीएममध्ये रँडम बाइट्स बरोबर ६५ सेकंद अडकतात, टॉमकॅट दुसऱ्यांदाच उठतो

बेदाणा_सर्व्हर (सांगली), रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. तासगाव रस्त्याला बेदाण्याचं एक शीतगृह आहे, तिथलं संगणकाचं सगळं मी एकटी बघते. लिनक्सचा एक होस्ट, म्हणजे खरं मशीन, त्यावर क्यूएमू-केव्हीएम या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या चार व्हीएम, म्हणजे आभासी संगणक. तीन नव्या आहेत, त्यांचा काही त्रास नाही. चौथी जुनी, तिचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३.१० आहे. गेटपास आणि वजनपावतीचं जावाचं सॉफ्टवेअर तिच्यावर टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये चालतं. ते लिहून देणारे आता काम करत नाहीत, म्हणून ती व्हीएम नव्या कर्नलवर नेता येत नाही.

त्रास असा. लाइट गेली, यूपीएस संपला आणि नंतर सगळं पुन्हा चालू केलं की ही जुनी व्हीएम बूट होते, टॉमकॅट सुरू होतो आणि अर्ध्यात थांबतो. लॉगमध्ये शेवटची ओळ अॅप्लिकेशन चढवायला घेतल्याची, त्यापुढे काही नाही. टॉमकॅटनं १२० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर त्याला मारून परत सुरू करणारी एक स्क्रिप्ट मी लावलेली आहे. ती त्याला मारते, परत सुरू करते, आणि दुसऱ्या वेळी तो गुमान उठतो. दर वेळी हेच. आमच्या गेटवरच्या मामांना हे इतकं पाठ झालंय की ते टेम्पोवाल्यांना सांगतात, "पहिल्यांदा हुत न्हाई, दुसऱ्यांदा हुतंय, थांबा."

आवकेच्या दिवसांत सकाळी सहा-सात टेम्पो रांगेत असतात. पंधरा किलोच्या पेट्या उन्हात तापत राहतात आणि शेतकरी काचेतून माझ्याकडे बघत उभे असतात. मला ही तीन मिनिटं खपत नाहीत. आणि 'दुसऱ्यांदा होतं' हे उत्तर तर मुळीच खपत नाही.

आज सगळे गेल्यावर मुद्दाम बसले. टॉमकॅट अडकलेला असताना जेस्टॅक काढला, म्हणजे जावाचे थ्रेड कुठं थांबलेत त्याची यादी. मुख्य थ्रेड सिक्युअररँडमचं बीज, म्हणजे सुरुवातीचे रँडम बाइट्स, वाचत बसलेला दिसला. ते येतात कर्नलच्या /डेव्ह/रँडममधून. कर्नलचा एंट्रॉपीचा आकडा, म्हणजे खरा रँडमपणा किती साठलाय तो, बघितला, तो पन्नासच्या आतबाहेर. मग वाटलं, या व्हीएमला तर मी व्हर्टआयओ-आरएनजी हे रँडम बाइट्सचं आभासी डिव्हाइस दिलेलं आहे, होस्टकडून बाइट्स यायला हवेत. म्हणून ते बाइट्स कर्नलला पुरवणारा आरएनजीडी बंद केला आणि त्या डिव्हाइसच्या /डेव्ह/एचडब्ल्यूआरएनजीमधून डीडी या कमांडनं ६४-६४ बाइट्स वाचून ओडी या कमांडमधून पडद्यावर सोडले.

जे दिसलं ते जसंच्या तसं सांगते. एका ओळीत १६ बाइट्स, अशा ६४ ओळी झरझर उतरल्या आणि सगळं थांबलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मोबाइलचं घड्याळ लावलं. एक मिनिट पाच सेकंदांनी परत ६४ ओळी. परत शांत. परत एक मिनिट पाच सेकंद. सहा वेळा मोजलं, एकदाही फरक नाही. ६४ गुणिले १६ म्हणजे १०२४, आणि १०२४ हा आकडा माझाच आहे. क्यूएमूच्या स्क्रिप्टमध्ये डिव्हाइसच्या ओळीत मी मॅक्स-बाइट्स १०२४ लिहिलंय. पण ६५ सेकंद मी कुठंच लिहिलेले नाहीत. सगळ्या फाइलींत शोधलं, ६५ नाही, ६५००० नाही. हे कुठून येतंय?

आणि एक. जुन्या होस्टवर हीच व्हीएम लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरखाली होती, तिथंही बाइट्स १०२४ च होते आणि असं कधी झालं नाही. नवा होस्ट आल्यावर लिबव्हर्ट न घेता मी हातानं स्क्रिप्ट लिहिली, तेव्हापासून हे सुरू झालं.

मिरज_जंक्शन, सकाळी ७.०५

ताई, एवढं खोलात जाऊ नका. व्हीएममध्ये आरएनजीडीला मायनस आर देऊन स्रोत म्हणून /डेव्ह/यूरँडम दाखवा, तो कधी अडवत नाही. एंट्रॉपी एका सेकंदात भरते, टॉमकॅट पळायला लागतो. मी बऱ्याच ठिकाणी केलंय.

प्रीतिसंगम (कराड), सकाळी ८.३०

मिरजकर, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. आरएनजीडीला गेस्टचाच, म्हणजे त्याच व्हीएमचा, यूरँडम दाखवायचा म्हणजे कर्नलमधून निघालेलं पाणी त्याच कर्नलच्या विहिरीत परत ओतायचं आणि विहिरीला नवे झरे लागले अशी नोंद करायची. बाहेरून एक थेंबही येत नाही, फक्त आकडा वर चढतो. तो आकडा बघून जावा पुढं जातो आणि त्यातून सेशनचे टोकन, किल्ल्या तयार होतात. एकाच इमेजवरून दोन व्हीएम काढल्या आणि दोन्ही बूट होताना अशा रिकाम्याच असल्या, तर दोघींकडून सारख्याच किल्ल्या निघू शकतात. ही भीती पुस्तकातली नाही. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या टीएलएस आणि एसएसएच या सुरक्षित जोडण्यांच्या किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा राउटर, फायरवॉलसारख्या छोट्या उपकरणांत एकसारख्या किंवा एकमेकींवरून फोडता येतील अशा किल्ल्या ढिगानं सापडल्या. मूळ कारण हेच होतं, बूट होताना पुरेशी एंट्रॉपी नसताना किल्ली बनवली गेली.

ताईंच्या व्हीएमला होस्टकडून खरे बाइट्स मिळतायत, फक्त कमी मिळतायत. ते का, एवढं शोधायचं. खोटा आकडा भरायची काही गरज नाही.

जावाला बीज कुठून घ्यायचं ते सांगणाऱ्या ईजीडीच्या पर्यायात /डेव्ह/./यूरँडम द्यायची वाट वेगळी आहे आणि ती वाईट नाही. मधलं टिंब विसरू नका, जुन्या जावात टिंबाशिवाय लिहिलेलं नाव वेगळं हाताळलं जातं आणि तो परत /डेव्ह/रँडमकडेच जातो. पण तिथंही पाठीमागून बाइट्स येत असले तरच मन निर्धास्त राहतं.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा), सकाळी ९.५०

बेदाणा ताई, तुम्ही घड्याळ लावून मोजलंत म्हणून हे सापडणार आहे. तुमचे ६५ सेकंद खरं तर ६५.५३६ आहेत.

क्यूएमूच्या व्हर्टआयओ-आरएनजीला मर्यादेच्या दोन गोष्टी लागतात. मॅक्स-बाइट्स म्हणजे किती, आणि पिरियड म्हणजे किती वेळात. पिरियड मिलिसेकंदांत असतो. तुम्ही पहिली लिहिली, दुसरी लिहिली नाही. न लिहिलेल्या पिरियडची किंमत क्यूएमू स्वतः २ चा १६ वा घात धरतो, म्हणजे ६५,५३६ मिलिसेकंद. तुम्ही फाइलींत शोधलेला आकडा कुठल्याच फाइलीत नाही, तो क्यूएमूच्या पोटात आहे. मॅक्स-बाइट्सही न लिहिणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही, कारण न लिहिलेल्या मॅक्स-बाइट्सची किंमत इतकी प्रचंड आहे की मर्यादा नसल्यासारखंच. दोन्ही सोडली तर ठीक, दोन्ही लिहिली तर ठीक. एकच लिहिली की तुमच्यासारखं होतं: ६५.५३६ सेकंदांना १०२४ बाइट्स, म्हणजे सेकंदाला १५.६२५.

लिबव्हर्टखाली हे का झालं नाही, तर तिथं रेट या मर्यादेच्या ओळीत पिरियड लिहिला नाही की लिबव्हर्ट १००० मिलिसेकंद धरतं आणि क्यूएमूला तसं स्पष्ट कळवतं. तिकडं तुमचे १०२४ सेकंदाला होते. तोच आकडा नव्या स्क्रिप्टमध्ये आणलात, सोबतचा सेकंद मात्र लिबव्हर्टकडेच राहिला.

आता टॉमकॅट दुसऱ्यांदाच का उठतो, त्याचाही हिशेब लागतो. ३.१० च्या गेस्टमध्ये एचडब्ल्यूआरएनजीचे बाइट्स कर्नलच्या साठ्यात घालायचं काम आरएनजीडी करतो. तो मिळेल तसं घालत नाही. आधी २०,००० बिट्स, म्हणजे २५०० बाइट्स जमवतो, त्यांची फिप्स या मानकातली रँडमपणाची चाचणी घेतो, चाचणीत उतरले तरच आत सोडतो. तुमच्याकडे पहिल्या पाळीला १०२४ आले. ६५.५ सेकंदांनी अजून १०२४, झाले २०४८. अजून पुरे नाहीत. तिसरी पाळी १३१ व्या सेकंदाला उघडते, तेव्हा २५०० भरतात आणि पहिल्यांदा कर्नलच्या साठ्यात काही पडतं. तुमची स्क्रिप्ट टॉमकॅटला १२० व्या सेकंदाला मारते. तो परत उठेपर्यंत १३१ सेकंद होऊन जातात, बीज मिळतं आणि तो पुढं जातो. तुमचे मामा बरोबर सांगतात, फक्त त्यात टॉमकॅटचा दोष नाही. तुम्ही काहीच न करता १३१ सेकंद थांबला असता तर तो पहिल्यांदाच उठला असता.

बाकीच्या तीन व्हीएमला त्रास नाही, कारण त्या नव्या आहेत. कर्नल ५.६ पासून एकदा बीज पडलं की /डेव्ह/रँडम अडवतच नाही. त्यांच्याही स्क्रिप्टमध्ये हीच ओळ असेल तर तिथंही बाइट्स थेंबथेंबच येतायत, फक्त कुणी ओरडत नाही.

उपाय एका शब्दाचा. त्याच ओळीत पिरियड १००० घाला.

मिरज_जंक्शन, सकाळी १०.२०

प्रीतिसंगम, वाचलं. दोन ठिकाणी मी तसं लावलेलं आहे, आज जाऊन काढतो. चूक दाखवलीत, आभार.

पण एक विचारतो. मर्यादा पाहिजेच कशाला? होस्ट ताईंचा, चारही व्हीएम ताईंच्या. मॅक्स-बाइट्सच काढून टाकलं तर?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा), सकाळी ११.१५

प्रश्न रास्त आहे. माझं मत: मर्यादा ठेवा, पण माणसासारखी ठेवा. कारण सांगतो, माझ्यासमोर घडलेलं.

काही वर्षांपूर्वी साताऱ्यात एका कॉलेजच्या लॅबचा होस्ट माझ्याकडे होता. विद्यार्थ्यांना एकेक व्हीएम दिलेली. तेव्हाच्या क्यूएमूमध्ये आणि जुन्या उदाहरणांत मागचा स्रोत होस्टचा /डेव्ह/रँडम असायचा, आणि जुन्या कर्नलवर तो आटायचा. कुणाला तरी डिस्क पुसायची होती. त्यानं शून्यांऐवजी एचडब्ल्यूआरएनजीमधून बाइट्स घेऊन डिस्कवर ओतायला सुरुवात केली. व्हीएम त्याची एकट्याची, पण विहीर सगळ्यांची. दहा मिनिटांत होस्टवरचा जीपीजी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम किल्ली बनवताना अडकला, बाकीच्या व्हीएममध्ये जे जे /डेव्ह/रँडम वाचत होतं ते सगळं थांबलं. मी होस्टची डिस्क, नेटवर्क, मेमरी सगळं तपासलं. एंट्रॉपीचा आकडा बघायचं सुचलं ते संध्याकाळी. त्या मुलाची चूक नव्हती, त्याला तसं करता येत होतं म्हणून त्यानं केलं. मर्यादा मी घालायला हवी होती.

आता होस्टला स्रोत म्हणून /डेव्ह/यूरँडम द्यायचा, तो आटत नाही. तरी मर्यादेचं काम संपत नाही. गेस्टची प्रत्येक मागणी ६४ बाइट्ससारखी छोटी असते आणि प्रत्येक मागणीला क्यूएमूला जागं व्हावं लागतं. एखादी व्हीएम भरकटली आणि अखंड मागत सुटली तर तिच्या क्यूएमूचा मुख्य थ्रेड त्यातच गुंततो आणि होस्टचा सीपीयू नको तिथं जातो. गेस्टला खऱ्या कामासाठी सेकंदाला शेकडो बाइट्सही लागत नाहीत. सेकंदाला १०२४ भरपूर झाले.

पिरियड का महत्त्वाचा हे तुमच्या भागातल्या गोष्टीनं सांगतो, तासगावकडं लगेच पटेल. ताकारीच्या कालव्याचं आवर्तन येतं तसं हे आहे. पाळीला ठरलेलं पाणी मिळतं. ते संपलं की पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं. या पाळीला घेतलं नाही म्हणून पुढच्या पाळीला दुप्पट मिळत नाही. क्यूएमूचं नेमकं असंच आहे: टायमर वाजला की कोटा परत मॅक्स-बाइट्स इतका भरतो, मागचं शिल्लक धरत नाही. मागणी फेटाळली जात नाही, बाइट्स हरवत नाहीत, मागणारा नुसता बांधावर बसून राहतो. म्हणून सरासरी तीच ठेवून पाळी लांब केली की पीक वाळतं. मिनिटाला ६१,४४० आणि सेकंदाला १०२४ हे कागदावर सारखं. पण पहिल्या प्रकारात कोटा पहिल्या पाच सेकंदांत उडाला तर पुढची पंचावन्न सेकंदं कोरडी. पाळी आखूड ठेवा.

फायरक्रॅकर नावाच्या हलक्या व्हीएमच्या प्रणालीत एंट्रॉपी डिव्हाइसला वेगळी तऱ्हा आहे. तिथं टोकन बकेट आहे, म्हणजे हौद. हौद सतत भरत राहतो, वापरलं नाही तर काठोकाठ साठतं, आणि सुरुवातीला एकदाच जास्तीचं उचलायची सोयही देता येते. बूटच्या वेळच्या भुकेला ते जास्त सोईचं आहे. क्यूएमूत तशी सोय नाही, म्हणून पाळी आखूड.

अजून एक. क्यूएमूमध्ये घड्याळ रिकामं फिरत राहत नाही. गेस्टनं पहिली मागणी केली की तिथून पिरियड मोजायला सुरुवात होते. म्हणून ताईंचे हिशेब इतके नेमके जुळले. घड्याळ नुसतं चालू राहिलं असतं तर पहिली पाळी कधी वीस सेकंदांची, कधी पन्नासची दिसली असती.

प्रीतिसंगम (कराड), दुपारी १२.४०

पाळीचं उदाहरण पटलं. भर एवढीच घालतो, ताई, स्क्रिप्टमध्ये मागचा स्रोत काय लिहिलाय तोही एकदा बघा. नेटवर सापडणाऱ्या लिबव्हर्टच्या नमुन्यात बाइट्स १२३४, पिरियड २०००, स्रोत /डेव्ह/रँडम असं असतं. लोक ते आकडे तसेच उचलतात. १२३४ मागे काही विचार नाही, तो नमुन्यापुरता आकडा आहे.

बेदाणा_सर्व्हर (सांगली), रात्री ९.१५

अजिंक्यतारा सर, प्रीतिसंगम सर, काय बोलू. १३१ चा हिशेब वाचला तेव्हा मी गेटच्या केबिनमध्ये उभी होते, तशीच खाली बसले. वर्षभर मी टॉमकॅटचे लॉग वाचत होते, मेमरी वाढवत होते, एकदा तर जावाच बदलून बघितला.

संध्याकाळी सहानंतर गेट बंद झाल्यावर केलं. स्रोत बघितला, तो /डेव्ह/यूरँडमच आहे, तेवढं मी नीट लिहिलं होतं. डिव्हाइसच्या ओळीत पिरियड १००० घातला. आधी फक्त व्हीएमच्या आतून रीबूट करून बघितलं, काही फरक नाही, तेच ६५ सेकंद. मग डोक्यात आलं की आतून रीबूट केलं तरी क्यूएमूची प्रोसेस जुनीच राहते, तिला नवी ओळ माहीतच नाही. व्हीएम पूर्ण बंद केली, स्क्रिप्ट परत चालवली.

पुन्हा डीडी आणि ओडी लावलं. ६४ ओळी, क्षणभर थबक, ६४ ओळी, क्षणभर थबक. असं एका चालीत चाललं होतं, बघतच राहिले. आरएनजीडी सुरू केला, तिसऱ्या सेकंदाला कर्नलचा आकडा वर गेला. टॉमकॅट पहिल्याच वेळी उठला, बूटपासून लॉगिनच्या पानापर्यंत ४८ सेकंद. खात्री म्हणून तीनदा बंद-चालू केलं. तिन्ही वेळा पहिल्याच वेळी.

मिरजकरांनी विचारलं ते मीही मनात धरलं होतं, मर्यादाच काढावी. पण ठेवली. आज चारही व्हीएम माझ्याच आहेत, उद्या हळदीच्या गोदामाची पाचवी येणार आहे आणि ती दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल.

दोन गोष्टी राहिल्यात. बाकीच्या तिन्ही स्क्रिप्टमध्ये हीच ओळ आहे, मीच एकीवरून दुसरी उतरवली होती. त्या रविवारी बदलते. आणि १२० सेकंदांची मारणारी स्क्रिप्ट आता ठेवावी का? काढायला हात होत नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा), रात्री ९.५०

स्क्रिप्ट ठेवा, पण मारायच्या आधी जेस्टॅक आणि एंट्रॉपीचा आकडा एका फाइलीत लिहून ठेवायला लावा, तारीख-वेळेसकट. आजवर ती दर वेळी पुरावा पुसत होती.

रविवारी तिन्ही व्हीएम एकदम बंद करू नका. एकेक घ्या, आणि प्रत्येकीवर डीडी लावून घड्याळानं मोजा.

बेदाणा_सर्व्हर (सांगली), रात्री १०.०५

हो सर, तसंच करते. मामांना उद्या सकाळी सांगायचंय की आता एकदाच बटण दाबायचं. त्यांचा विश्वास बसायला दोन-चार वेळा लाइट जावी लागेल.